पाटीवरची सरस्वती आणि मढच्या मेणबत्त्या

माणसं केरळला जातात, काश्मीरला जातात आणि आल्यावर लिहितात. आम्ही दोघं यंदा माघात जोगेश्वरी, मुलुंड आणि मढ करून आलो. हसा खुशाल. कांजूरमार्गच्या माणसाला मढ परदेशच आहे. मध्ये बस येते, मेट्रो येते, रिक्षा येते, खाडी येते आणि होडीही येते. शिवाय माझ्या बरोबरचा माणूस वाटेत एक अक्षर बोलत नव्हता. अशा माणसाबरोबर शेजारचं मुलुंडसुद्धा लांब पडतं.

हा माणूस म्हणजे माझा नवरा. अख्खी बिल्डिंग त्यांना बुवा म्हणते, म्हणून मीही बुवाच म्हणते. नोकरी गोदामात सुपरवायझरची, पण खरं काम भजनाचं. सासरे गिरणीत होते. गिरणी सुटली तेव्हा त्यांनी चाळीत भजन धरलं. पुढे त्यांची पेटी बुवांकडे आली आणि पेटीबरोबर तो आवाजही आला. उंच, धारदार, माईक बंद पडला तरी मांडवाच्या टोकाला पोचणारा. लग्नात माझ्या आईने मुलाचा पगार विचारला होता, मी मात्र नुसता आवाज ऐकूनच होकार दिला.

दिवाळीनंतर तो आवाज बसला. आम्ही हळद-दूध केलं, ज्येष्ठमध केलं, गुळण्या केल्या. कुणी म्हणालं दृष्ट लागली, तर मिठा-मोहरीने दृष्टही काढली. शेवटी घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी घशात दुर्बीण घातली आणि स्वरयंत्रावर गाठ सापडली. ती काढली. तपासणीत साधी निघाली, देवाची कृपा. मी विचारलं, "आणि आवाज?" त्या म्हणाल्या, "आवाज येईल. कसा येईल, ते मात्र आत्ता नाही सांगता येणार." पहिलं वाक्य माझ्या कानावरून गेलं. दुसरं आत जाऊन बसलं ते बसलंच.

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मी खाली औषधांच्या रांगेत होते. पथ्यपाणी काय ते बाईंनी बुवांना एकट्यांनाच सांगितलं. बोलायला बंदी, म्हणून शेजारच्या चिमीची जुनी पाटी आम्ही बरोबर ठेवली होती. खाली आल्यावर बुवांनी तिच्यावर लिहून दाखवलं : "रथसप्तमीला तपासणी. तोवर मौन." मी ते वाचलं आणि तोच माझा धर्म झाला. त्यांचा मोबाईल बंद करून कपाटात ठेवला. न जाणो, सवयीने उचलतील आणि 'हॅलो' म्हणतील.

घरी बसवेना. बोलका माणूस गप्प बसला की घरातल्या बाकीच्या वस्तू बोलायला लागतात. नळ ठिबकतो, शेजारचा मिक्सर ओरडतो, संध्याकाळी कचऱ्याच्या डम्पिंगकडून वारा आला की खिडकी धडधडते. आणि काळजी लागली की माझी जीभ थांबत नाही. मी बोलतेय, बोलतेय, समोरून नुसती मान हलतेय. त्यात तीन ठिकाणची आमंत्रणं होती. गणेश जयंती, वसंत पंचमी आणि मढच्या मैत्रिणीकडचा त्यांचा सण, एकापाठोपाठ एक. मी म्हटलं, "चला. इथे बसले तर मला ठाण्याला भरती करावं लागेल."

चतुर्थी : जोगेश्वरी

रस्ताभर माझं लक्ष जमिनीवर. का, तर ठेच लागली की माणूस आधी 'आई गं' म्हणतो आणि मग विचार करतो. बुवांच्या तोंडून 'आई गं' गेलं तर टाके तुटतील, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिथे टाके असतात की नाही, देव जाणे. पण जोगेश्वरीचे फुटपाथ तुम्ही बघितले असतील तर माझी दया येईल तुम्हाला. मी पुढे चालत होते आणि आंधळ्याला सांगावं तसं सांगत होते, "खड्डा. पायरी. कुत्रा."

गुंफांच्या बाजूच्या एका वस्तीत बुवांच्या भजन मंडळाचा माघी गणपती असतो. तिथे बहुतेक सगळी आमच्याकडचीच माणसं, मालवण-कणकवलीची. भाद्रपदात ही मंडळी गावी पळतात, आपापल्या घरच्या गणपतीला. मग मुंबईत सगळ्यांनी मिळून बाप्पा आणायचा कधी? तर माघात. आणि माघातला हाच बाप्पाचा खरा वाढदिवस, हे तिथलं शेंबडं पोरही तुम्हाला सांगेल. भाद्रपदातला पाहुणा, हा जन्माचा. म्हणून दुपारी पाळणा बांधतात, बायका पाळणा म्हणतात, सुंठवडा वाटतात. नैवेद्याला तिळाचे मोदक, कारण थंडी अजून गेलेली नसते.

सुंठवडा बुवांच्या तळहातावर पडला आणि मी झडप घातली. सुंठ! घशाला आग! प्रसाद खाली सांडता येत नाही, म्हणून त्यांच्या वाटणीचाही मीच तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईला वाटलं, मी बुवांसाठी रडतेय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, मग मला खरंच रडू आलं.

बुवांच्या जागेवर दत्ता बसला होता. हा इतकी वर्षं झांज वाजवणारा, बुवांचा जोडीदार. मला म्हणाला, "वयनी, घाबरा नको. बुवानू, तुमी नुसते बसान ऱ्हवा." आणि त्याने सवयीने बुवांचीच उंच पट्टी धरली. दुसऱ्या ओळीला त्याची वाट लागली. गळ्याच्या शिरा फुगल्या, आवाज फाटला, पखवाजवाला खाली बघायला लागला. बुवांची बोटं मांडीवर पेटी वाजवत होती. मी त्यांचं मनगट धरून ठेवलं.

खरी परीक्षा आरतीनंतर आली. 'गणपती बाप्पा' ही आरोळी त्या मांडवात पहिल्या वर्षापासून बुवाच देतात. बाकीच्यांनी नुसतं 'मोरया' म्हणायचं. कापूर विझला आणि सगळे थांबले. सवयच ती, कुणी मुद्दाम नाही थांबलं. पन्नासेक माणसं बुवांकडे बघतायत, बुवा बाप्पाकडे बघतायत, आणि मला दिसलं की त्यांचं तोंड उघडलं.

मी हात घातला. सरळ त्यांच्या तोंडावर, भर मांडवात, देवासमोर. चुलत सासूबाई "अरे देवा" म्हणाल्या. दत्ताने घाईघाईने आरोळी दिली, 'मोरया' झालं आणि वेळ निभावली. बुवांनी माझा हात हळूच बाजूला केला. चिडले नाहीत. त्याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं, कारण हा माणूस भजनात कुणी मध्ये खोकला तरी डोळे वटारतो.

निघताना सगळ्यांनी एकच सांगितलं, "बुवानू, बोलाक लागल्यार पयलो शबूद 'मोरया'. इसरा नको हां." बुवांनी पाटीवर लिहिलं, "होय."

पंचमी : मुलुंड

मुलुंडला माझी नणंद, बुवांची मोठी बहीण. आम्ही तिला वन्सं म्हणतो. शाळेत मुख्याध्यापिका होती, आता रिटायर आहे, पण शाळा अंगातून गेलेली नाही. तिच्या घरात चपला रांगेत लावाव्या लागतात.

वसंत पंचमी तिच्याकडे दसऱ्याइतकी जोरात. पिवळी साडी, पिवळी फुलं, आंब्याचा मोहोर, गव्हाच्या ओंब्या, जेवायला केशरी भात. आमच्या कांजूरला या दिवसाचं कुणाला काही नसतं. तिच्या सोसायटीत मात्र खाली बंगाली मंडळींची सरस्वतीची मूर्ती, तिथे लहान पोरांना मांडीवर घेऊन पहिलं अक्षर गिरवायला लावत होते. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईंनी पिवळा भात पाठवला. वन्संने सांगितलं, त्यांच्याकडे आज पतंग उडवतात. एकाच जिन्यात एकाच दिवसाची तीन रूपं. वन्सं म्हणाली, "सगळ्यांचं मूळ एकच गं, थंडी सरली. शेतं पिवळी झाली. माणूस खूश झाला की आधी देव शोधतो, मग गोष्ट."

आणि मग तिने गोष्ट सांगितली. ब्रह्मदेवाने सृष्टी केली. डोंगर, नद्या, झाडं, माणसं, सगळं. आणि बघतो तर सगळं गप्प. नदीला आवाज नाही, वाऱ्याला नाही, माणसाला नाही. मग त्याने कमंडलूतलं पाणी शिंपडलं, त्यातून सरस्वती आली, तिने वीणेवर बोट फिरवलं आणि जगाला आवाज फुटला. तो हा दिवस.

वन्सं ही गोष्ट आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत होती. पण मी हातातला घास परत ताटात ठेवला. सगळं आहे, नुसता आवाज नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी बुवांकडे बघितलं. ते भातातली वेलची शोधत होते.

आता वन्संचा पराक्रम ऐका. पूजेच्या वेळी तिने सगळ्यांच्या विद्येच्या वस्तू मागितल्या. नवऱ्याचा चष्मा, स्वतःचं पेन, मुलीचा लॅपटॉप. मग म्हणाली, "बाबू, तुझी पाटी दे." बुवांनी भाबडेपणाने दिली. तिने ती धुतली, पुसली, खडूने एकाला एक जोडून त्रिकोणांची छान सरस्वती काढली, हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि पाटी पाटावर उभी केली.

थोड्या वेळाने बुवांना काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी पाटीकडे हात केला.

"छे छे, पुजलेली पाटी हलवायची नाही," वन्सं म्हणाली. "संध्याकाळी उत्तरपूजा झाली की ने."

दिवसभर बुवांना बोलायला काहीच नाही. हातवारे करतायत, आम्ही ओळखतोय. पाणी? पंखा? पोट दुखतंय? शेवटी कळलं, त्यांना मीठ हवं होतं. मी हसले, पण मनात धाकधूक, की हा माणूस वैतागून बोलेल. संध्याकाळी पाटी मिळाली. बुवांनी खिशातून फडकं काढलं, तर वन्सं किंचाळली, "सरस्वती पुसतोस? याच दिवसांत? तुझ्या गळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे मग!"

झालं. हे वाक्य ऐकल्यावर माझी काय टाप, ती पाटी पुसू द्यायची! मीच ती टॉवेलात गुंडाळली आणि पिशवीत उभी ठेवली. ज्या पाटीवर माणूस बोलत होता ती पाटीच आता देव झाली. स्टेशनबाहेर स्टेशनरीचं दुकान उघडं होतं. मी म्हटलं, "नवी घेऊ?" बुवांनी मान हलवली, नको. मी म्हटलं, "वही घेऊ?" नको. मला वाटलं, रुसलेत.

निघताना दारात वन्संने बजावलं होतं, "आणि हे बघ, पहिला शब्द सरस्वतीचं नाव. गणपतीचं नंतर. वाचा तिची आहे." आता आली का पंचाईत! एक तोंड, दोन देव. रात्रभर मी त्याचाच विचार करत होते. आधी 'सरस्वती' म्हणायला सांगितलं तर बाप्पाचा मान जाणार, आधी 'मोरया' म्हटलं तर वन्सं बोलणार. गळ्यात सूर असेल का, ही काळजी मोठी होती. पण तिच्याकडे बघण्याची हिंमत नव्हती, म्हणून मी ही छोटी काळजी कुरवाळत बसले.

षष्ठी : मढ

वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडी सुटते. पाच मिनिटांचं पाणी, पण त्या पाच मिनिटांत मुंबई मागे राहते. होडीत माणसं, मासळीच्या पाट्या, आणि हो, स्कूटरसुद्धा. एका स्कूटरवाल्याने अचानक हॉर्न वाजवला. बुवा दचकले, मी त्यांच्याहून जास्त दचकले. पण तोंड मिटलेलं राहिलं.

पलीकडे काठीवर बोंबील वाळत घातलेले, वास आधी नाकात जातो आणि मग गाव दिसतं. वाटेत एका बंगल्यावर पणत्या, आकाशकंदील, दारात भली मोठी रांगोळी. मी म्हटलं, अगो बाई, फेब्रुवारीत दिवाळी? रिक्षावाला म्हणाला, "शूटिंग आहे मावशी. गेल्या हप्त्यात याच बंगल्यात होळी होती."

फिलो माझी जुनी मैत्रीण. अंधेरीच्या एक्स्पोर्ट कंपनीत आम्ही दोघी शेजारच्या मशिनींवर बसायचो. मी कॉलर लावायचे, ती बाह्या. तिचं घर चर्चच्या मागे, अंगणात तुळस नाही पण क्रूस आहे, त्याला झेंडूचा हार. बुवांचं कळल्यावर तिचाच फोन आला होता : "सुमन, तीन तारखेला घेऊन ये त्यांना. गळ्याच्या संताचा दिवस आहे. इकडे गळ्याला दोन मेणबत्त्या टेकवून सगळ्यांना आशीर्वाद देतात."

खरं सांगते, मी घाबरले होते. वन्संला हे सांगितलंच नव्हतं. आपल्या देवांना काय वाटेल, हा प्रश्न होताच. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर दोन अख्ख्या मेणबत्त्या मिळत होत्या.

फिलोने आधी जेवायला बसवलं. वाफाळता भात, वर्षभर बाटलीत भरून ठेवतात त्या मसाल्याचं कालवण, फुगे म्हणजे त्यांचे तळलेले गोल पाव, आणि ताटात अख्खी सुरमई. बुवांना आठवडाभर पेजेवर ठेवलेलं, त्यांचे डोळे चमकले. माझे पांढरे झाले. काटा!

"अगो, काट्याचाच तर संत आहे तो," फिलो म्हणाली. "ब्लेझ नाव त्याचं. लांब देशात डॉक्टर होता, मग बिशप झाला. एका बाईच्या पोराच्या गळ्यात माशाचा काटा अडकला, पोर मरायला टेकलेलं. ती धावत याच्याकडे आली. याने गळ्यावर हात ठेवला, काटा निघाला. तवापासून गळ्याचं दुखणं त्याच्याकडे. आमच्या मढला दुसरा कोण संत हवा, सांग?"

तरी मी सुरमईचा तुकडा न् तुकडा बोटांनी चाचपून दिला. बुवा कावलेले दिसत होते, पण बोलता येत नव्हतं, त्याचा मी फायदा घेतला.

मेणबत्त्यांचं मूळ तिने जेवताना सांगितलं. कालचा दिवस त्यांचा मेणबत्त्यांचा सण. नाताळापासून चाळीस दिवस झाले तेव्हा मरियम बाळाला घेऊन देवळात गेली, तिथल्या एका म्हाताऱ्याने बाळाला प्रकाश म्हटलं, म्हणून त्या दिवशी वर्षभराच्या मेणबत्त्यांवर प्रार्थना होते. मी म्हटलं, "म्हणजे सव्वा महिना! आमच्याकडेही बाळंतीण सव्वा महिन्याने देवळात जाते." फिलो म्हणाली, "मग! बाई तीच, देऊळ वेगळं." कालच्या त्याच मेणबत्त्या आज गळ्याला लावायच्या.

तिचा मुलगा कॅनडात आहे. त्याने पाठवलेला व्हिडिओ तिने दाखवला. बर्फात माणसं जमलेली आणि एका बिळातून घुशीसारखा गुबगुबीत प्राणी काढतायत. त्याला आपली सावली दिसली तर तो घाबरून परत आत जातो आणि थंडी लांबते, नाही दिसली तर उन्हाळा जवळ आला. हेही म्हणे मेणबत्त्यांच्या सणापासूनच निघालं. त्या दिवशीच्या उन्हावरून जुनी माणसं उरलेल्या थंडीचा अंदाज घ्यायची. मी हसून हसून बेजार. "स्वतःच्या सावलीला भितो! काय येडं जनावर!" बुवा हसले नाहीत. त्यांनी व्हिडिओ परत लावायला खूण केली.

चर्चमध्ये रांग होती. लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, शाळेच्या युनिफॉर्ममधली पोरं, कोळी दादले. फादरच्या हातात दोन मेणबत्त्या, लाल फितीने फुलीसारख्या बांधलेल्या. त्या प्रत्येकाच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी टेकवायच्या, मराठीत छोटी प्रार्थना म्हणायची, की गळ्याच्या आणि बाकी सगळ्या दुखण्यांपासून देव तुला राखो. समोरच्याने 'आमेन' म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

हे 'आमेन' फिलोने मला आधी सांगितलं नव्हतं. रांग सरकतेय आणि मी पुढची डोकी मोजतेय. सगळे म्हणतायत. बुवांच्या पुढची म्हातारी इतक्या जोरात म्हणाली की छत हाललं. बुवा पुढे झाले, डोळे मिटले, मान वर केली. मेणबत्त्या टेकल्या. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना मला दिसली. प्रार्थना संपली. फादर थांबले.

बुवांचे ओठ हलले. आवाज नाही.

"आमेन!" मी मागून ओरडले. फादर दचकले, मग हसले. "त्यांना बोलायची बंदी आहे फादर," मी म्हटलं, "मी म्हटलं तर चालेल ना?" ते म्हणाले, "चालेल. पण त्यांचं त्यांच्याकडे राहिलं, त्यांनी सावकाश म्हणावं."

परतीच्या होडीत मी विचारलं, "फिलोने पहिल्या शब्दाचं काहीच नाही सांगितलं, नाही?" बुवा पाण्याकडे बघत होते. दोन्ही तळवे गळ्यावर ठेवले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाजूला वळून बघितलं, तर तेही जागेच होते.

सप्तमी : घाटकोपर आणि घर

रथसप्तमी म्हणजे सूर्याचा जन्मदिवस, त्याचा रथ उत्तरेकडे फिरतो म्हणतात. सासूबाई गावच्या खळ्यात सात घोड्यांची रांगोळी काढून गोवऱ्यांवर दूध ठेवायच्या. ते उतू गेलंच पाहिजे, आणि पूर्वेला गेलं तर वर्ष चांगलं. मी गॅलरीत मातीच्या बोळक्यात गोवरीचे तुकडे पेटवून वर छोटंसं मडकं ठेवते. शेजारीण वास आला म्हणून ओरडते, पण वर्षातून एकदा ओरडू दे.

त्या सकाळी दूध काही उतू जाईना. गोवरी ओली, वारा उलटा. फुंकून फुंकून मला भोवळ आली. दुधावर साय धरली आणि ते तसंच बसून राहिलं. डॉक्टरांची वेळ झाली. उतू न गेलेलं दूध गॅलरीत तसंच ठेवून निघावं लागलं. रिक्षात मी दोनदा मागे वळून बघितलं. अपशकुन म्हणजे आणखी कसा असतो?

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घातली, स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाल्या, "सुंदर भरलंय. आता बोला काका."

बुवांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"बोला ना. काहीही. शनिवारपासून थोडं थोडं बोलताय ना? सांगितलं होतं मी, दिवसातून पाच-दहा मिनिटं."

"शनिवारपासून?" मी म्हटलं.

"हो. काकांनीच तर पाटीवर लिहिलं होतं, गणेश जयंतीचा मुहूर्त चांगला आहे."

मी बुवांकडे बघितलं. बुवा पंख्याकडे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार दिवस! दुसऱ्याचा सुंठवडा खाल्ला, देवासमोर नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला, चर्चमध्ये ओरडले, मीठ हवं की पंखा ते ओळखत बसले. आणि हा माणूस! तोंडाशी चांगल्या चार शिव्या आल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. खुर्चीची कड धरलेली, बोटं पांढरी पडलेली.

मला ते कॅनडातलं जनावर आठवलं.

मी खुर्ची ओढून जवळ बसले. म्हटलं, "बोला हो. येईल तो येऊ दे. मी आहे."

त्यांनी डोळे मिटले. मान जरा वर केली, चर्चमध्ये केली होती तशी. आणि म्हणाले,

"आमेन."

पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढावी तसा आवाज. खरखरीत, जाड, खालचा. माझ्या नवऱ्याचा तो नव्हताच, आणि होताही. डॉक्टरीणबाई हसल्या. "काका, तुम्ही तर भजनी बुवा ना?"

"मढाक ऱ्हवलेला," बुवा म्हणाले.

गाण्याचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, चार महिने नाव काढू नका, मग बघू. उंच पट्टी परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. परत येताना रिक्षात बुवा माझ्या कानाशी झुकले.

"भियालंय गो. उघडलंय तोंड आणि आत कायच नसला तर?" जरा थांबून म्हणाले, "त्या दिसा मांडवात तू तोंडार हात ठेवलंस, माका बरां वाटला."

मग माझा राग गेला. पूर्ण नाही, अर्धा. उरलेला अजून अधूनमधून काढते. घाटकोपर ते कांजूर मी रडत होते आणि मध्येच सांगत होते, "पाच मिनिटं झाली, आता गप्प बसा."

घरी पोचलो तर वन्संचा फोन. "बोलला? पहिला शब्द काय?" मी म्हटलं, "देवाचंच नाव घेतलं." कुठल्या देवाचं ते तिने विचारलं नाही. पिशवीतून मी पाटी काढली. सरस्वती टॉवेलाला पुसून गेली होती, नुसता खडूचा पांढुरका डाग उरला होता. चार दिवसांपूर्वी हे बघून माझं काळीज हाललं असतं. मी पाटी धुतली आणि चिमीला परत दिली.

ऊन डोक्यावर आलं होतं. सकाळची वेळ टळली होती, पण सूर्य काही दुसरा आला नव्हता. मी गोवरी परत पेटवली, मडकं ठेवलं आणि राखण करत उभी राहिले. पूर्व कुठे, पश्चिम कुठे, सगळं मनात पक्कं केलं. आत बुवा पेटीसमोर बसले होते. वाजवत नव्हते. भाता हलवून एकच सूर धरला होता, खालचा, कधी न वापरलेला. आणि त्याच्याखाली, गुणगुणावं इतकं हळू, ते आवाज लावून बघत होते. नाव काढू नका म्हटलं होतं ना डॉक्टरांनी! मी ओरडायला तोंड उघडलं आणि दारात तशीच उभी राहिले. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा सूर लागला.

"अगो, दूध!" बुवा तिथूनच खरखरले.

मी वळले तोवर मडकं चहूबाजूंनी ओलं, गोवरी विझलेली, गॅलरीत दुधाचा ओघळ. पूर्वेला गेलं की पश्चिमेला, मी बघितलंच नाही.